पळसफाट्यावरचे दगड

पुसदपासून ढाणकीपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरला ठोकाठोकीनंतर विचारा, गाडी किती स्पीडला होती? उत्तर ठरलेलं: चाळीस. ट्रॅक्टर नाल्यात पालथा पडलेला असो, की मोटरसायकल कोणाच्या तुरीत शंभर पावलं आत जाऊन आडवी झालेली असो, माणूस उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, "चाळीसच्या वर नव्हतो बाप्पा." चाळीस हा आकडा नव्हेच, ती आपल्याकडची शपथ आहे. त्यामुळे मंगळवारी सकाळी पळसफाट्यावर सत्यशीलाची शाळेची व्हॅन आणि घनश्यामभाऊंची मोठी पांढरी गाडी एकमेकींत घुसल्या, तेव्हा दोघांनीही चाळीसच सांगितलं. यात नवल काही नव्हतं. नवल पुढं घडलं.

सत्यशीला सव्वीस वर्षांची. बारावी सायन्स केलेली, बीएस्सीचं एक वर्ष करून घरी आलेली आणि मग बापाच्या खनपटीला बसून व्हॅन चालवायला शिकलेली. तिच्या गावातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या मिळून चौदा पोरींना ती रोज नऊ किलोमीटरवरच्या हायस्कुलात नेऊन सोडायची आणि संध्याकाळी आणायची. तिची व्हॅन सुरू व्हायच्या आधी या पोरी सातवीनंतर सरळ कापूस वेचायला जात. शाळेच्या वेळेला दुसरं वाहनच नव्हतं, करणार काय? शाळेच्या पालक समितीनं तिला हे काम देताना एका कागदावर सही घेतली होती: पोरी आत असोत की नसोत, गाडी चाळीसच्या वर जाणार नाही. बाई ड्रायव्हर म्हणून सही जरा जास्तच ठळक करायला लावली होती. तिनं केली.

नशीब म्हणायचं की मंगळवारी धडक झाली तेव्हा पोरी शाळेत पोचलेल्या होत्या. दुसऱ्या फेरीत सत्यशीला एकटीच होती, मागं शाळेच्या खिचडीच्या तांदळाचे तीन कट्टे. ती तांड्याकडून सरळ उत्तरेला चालली होती. घनश्यामभाऊ पुसदकडून पूर्वेला येत होते. फाट्यावर त्यांच्या गाडीचं नाक व्हॅनच्या डाव्या दारात असं रुतलं की दोन्ही गाड्या एक होऊन तिरप्या घासत गेल्या आणि डांबराच्या कडेला थांबल्या. स्टिअरिंग उजवीकडे असतं म्हणून पोरगी वाचली. डाव्या खांद्याचं हाड मोडलं तेवढं. घनश्यामभाऊंच्या कपाळाला पाच टाके पडले.

आता घनश्यामभाऊ म्हणजे कृषी केंद्राचे मालक, त्यांची लेक अर्पिता त्याच शाळेत नववीला, आणि ते स्वतः समितीचे सभासद. माणूस वाईट नाही, अडीअडचणीला धावून येतो. पण बोलण्यात घाई आणि गाडी चालवण्यात त्याहून जास्त. टाके घालून आले तेच सांगत आले: "मी चाळीसवर होतो. पोरगी ऐंशीनं आली. आपल्या लेकी हिच्या हाती द्याच्या का, तुम्हीच सांगा." लोकांना पटलं. पटायला काय लागतं? एकीकडे मोठी गाडी आणि मोठा माणूस, दुसरीकडे ओढणीची झोळी गळ्यात बांधलेली पोरगी, तिच्या व्हॅनचा स्पीडचा काटा दोन वर्षांपासून मेलेला. शनिवारी समितीची बैठक ठरली. विषय एकच: व्हॅनचं काम सत्यशीलाकडे ठेवायचं की काढून घ्यायचं.

काढून घेतलं तर दुसरं कोणी येणार नव्हतं. चौदा पोरींच्या हाती पुन्हा वेचणीची ओटी येणार होती, आणि सत्यशीलाच्या हातचं स्टिअरिंग कायमचं जाणार होतं. बाईनं एकदा गाडी ठोकली की तिला दुसऱ्यांदा किल्ली कोणी देत नाही. पुरुषानं चारदा ठोकली तर त्याला अनुभवी म्हणतात.

गुरुवारी ती दवाखान्यातून ऑटोनं घरी येत होती. पळसफाट्यावर ऑटोवाल्यानं कचकन वळण घेतलं आणि खांद्यातून अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"पाह्य ना या लोकाईले," ऑटोवाला करवादला. "गाड्या उचलून नेल्या अन् दगडं ठेवले तसेच. मरतीन कोणी."

ही आपल्या मुलखातली जुनी खोड. गाडी बंद पडली किंवा ठोकली की लोक तिच्याभोवती दगड मांडतात, पळसाची एखादी फांदी खोचतात, म्हणजे येणाऱ्याला कळावं. मग क्रेन येते, गाडी जाते, माणसं जातात, आणि दगड तिथंच बसून राहतात. पुढचे आठ दिवस येणारा-जाणारा त्यांना शिव्या घालतो, पण उतरून उचलत कोणी नाही. सत्यशीलानंही आजवर हजारदा शिव्या घातल्या होत्या. आजही तोंड उघडलंच होतं. मग ती तशीच मान वळवून मागं बघत राहिली.

"थांबवा," ती म्हणाली.

"काहून? दुखून राह्यलं का?"

"थांबवा म्हणते ना, दादा."

ती उतरली. वीस-बावीस दगड होते. चार चाकांच्या या गाडीभोवती, चार चाकांच्या त्या गाडीभोवती, मधे दोन्ही जिथं अडकल्या होत्या तिथं फांदी. गाड्या जाऊन दोन दिवस झाले होते, पण त्यांचा ठसा रस्त्यावर जसाच्या तसा होता. सत्यशीला फांदीपाशी येऊन उभी राहिली. बारावीच्या वर्गात साधना मॅडम फळ्यावर दोन चौकोन काढायच्या, एक आडवा येणारा, एक उभा येणारा, आणि मधे एक तिरपा बाण. ते गणित तिला वर्गात सगळ्यांत आधी सुटायचं. आणि आता तो तिरपा बाण तिच्या पायाशी डांबरावर पडलेला होता.

फाट्याजवळच्या बांधावर रुपीबाई बकऱ्या चारत होती. तांड्यावरची साठीची बाई, आठवीतल्या खुशीची आजी. खुशी व्हॅनमध्ये पुढच्या सीटसाठी रोज भांडायची.

"याडी," सत्यशीलानं हाक मारली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि रुपीबाईला ती पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायची. "हे दगड कोणं मांडले?"

"मीनंच. तुले बाहेर काढलं अन् लगेच मांडले." रुपीबाई जरा वरमली. "आज उचलतोच बेटी. लोक लय शिव्या देऊन राह्यले."

"नाही, नाही. एकाही दगडाले हात नको लावजो. गाड्या हालवायच्या आधी मांडले ना?"

"हालवाच्या आधी. चाकाले लावून."

सत्यशीलाला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. हाड मोडलेलं नसतं तर पडलीच असती.

आता धडक नेमकी कुठं झाली, ते शोधायचं होतं. तेही रस्त्यानंच सांगितलं. आपल्याकडच्या गाड्यांच्या पोटाखाली वर्षभराची काळी माती वाळून चिकटलेली असते. किती धुवा, जात नाही. धडक बसली की ती सगळी एकदम गळून पडते. फाट्याच्या मधोमध ढेकळांचा एक काळा पसारा होता, त्यात काचा आणि तांदळाचे दाणे. तिथूनच टायरांचे काळे ओरखडे तिरपे निघून थेट दगडांपर्यंत गेले होते. चाकं फिरली नव्हती, आडवी घासत गेली होती.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर खुशी आली, मिस्त्रीचा लांब टेप घेऊन. सत्यशीलाला एकच हात, म्हणून टेपचं एक टोक खुशीनं धरलं, दुसरं रुपीबाईनं. ढेकळांच्या जागेपासून दगडांच्या मधोमध: पूर्वेला बारा मीटर. उत्तरेला पाच मीटर. मग सुतळी तिरपी ताणली आणि मोजली.

"तेरा," खुशी म्हणाली.

"पाच, बारा, तेरा," सत्यशीला म्हणाली, आणि हसतच सुटली. खांदा ठणकत होता तरी हसू आवरेना. भूमितीच्या पुस्तकातला त्रिकोण जसाच्या तसा उचलून कोणी पळसफाट्यावर आणून ठेवावा, याला काय म्हणायचं?

रुपीबाईनं कमरेवर हात ठेवले. "मले समजन असं सांग. नाही तर मी चालली."

"याडी, दोन बकरे टकरा घेतात ना, तेव्हा नुसतं वजन कामाचं नाही, नुसता जोर पण नाही. वजन गुणिले वेग. त्याले पुस्तकात संवेग म्हणतात. तू रेटा म्हण. टक्कर झाली, पत्रा चेपला, काच फुटली, तरी दोघांचा मिळून रेटा धडकेच्या आधी जेवढा होता तेवढाच धडक झाल्याबरोबर राह्यते. अन् त्याची दिशाही बदलत नाही."

"बरं."

"आता पूर्वेकडचा रेटा आणला कोणं? एकट्या घनश्यामभाऊच्या गाडीनं. मी तर उत्तरेले चालली होती, माह्या त्यात कण नाही. अन् उत्तरेकडचा सगळा माह्या, त्यात त्याइचा कण नाही. दोन्ही गाड्या अडकून किती पूर्वेले गेल्या अन् किती उत्तरेले, ते हे दगड सांगतात. मंग कोण किती जोरात आलं ते लपते कुठं?"

रुपीबाईनं दगडांकडे पाहिलं, मग ढेकळांकडे. "म्हणजे मी मांडले नसते तर?"

"तर त्याचं ऐंशी खरं झालं असतं."

"अन् लोक मले शिव्या देत होते," रुपीबाई म्हणाली. तिला हे फारच आवडलं.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. गाड्या तेरा मीटर घासल्या हे खरं, पण रस्ता धरतो किती? गुळगुळीत असेल तर कमी वेगातही तेरा मीटर जातील, खरखरीत असेल तर जास्त वेग लागेल. पुस्तकात एक आकडा दिलेला असतो, पण पुस्तकवाल्यानं पळसफाट्याचं डांबर कुठं पाहिलं होतं? सत्यशीला रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसून विचार करत होती, तेवढ्यात वेचणीहून परतणाऱ्या बाया गेल्या, आणि त्यांच्यातल्या एकीच्या खांद्यावर कापूस मोजायचा लटकता काटा होता.

"तो काटा दे मले," सत्यशीला ओरडली. ती बाई दचकलीच.

मग जे झालं ते बघायला बऱ्यापैकी गर्दी जमली. घरून जुनं टायर आणलं, त्यात मुरूम ठासून भरला आणि काट्याला लटकवून चाळीस किलो केलं. टायर रस्त्यावर आडवं टाकलं, काट्याचा आकडा त्यात अडकवला आणि रुपीबाईनं दुसऱ्या बाजूनं ओढायला सुरुवात केली, अगदी ओरखडे होते त्याच डांबरावरून. खुशी सोबत चालत काटा वाचत होती. तीनदा ओढलं. अठ्ठावीस, सत्तावीस, एकोणतीस.

"अठ्ठावीस धर," सत्यशीला म्हणाली. "चाळीस किलोले ओढाले अठ्ठावीस. म्हणजे शून्य पॉइंट सात."

"बाई डोक्यावर पडली का काय?" गर्दीतून कोणी तरी म्हणालं. रुपीबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो सायकलवर बसून गेला.

खुशीच्या वहीच्या मागच्या पानावर गणित सुरू झालं. घर्षण आणि तेरा मीटर, यावरून धडक झाल्याबरोबर दोन्ही गाड्यांचा मिळून वेग: सेकंदाला तेरा मीटरहून जरासा जास्त. त्याचे दोन तुकडे, पूर्वेचा आणि उत्तरेचा, बारा आणि पाचच्या हिशोबात. मग वजनं. तिची व्हॅन, ती आणि तीन कट्टे तांदूळ मिळून बाराशे किलो. घनश्यामभाऊंच्या गाडीचं वजन मोबाईलवर सापडलं, त्यात ते स्वतः धरून चौदाशे. पेन्सिल चालत होती आणि तिच्या कानात साधना मॅडमचा आवाज घुमत होता: दिशा वेगळ्या ठेवा, एकीत दुसरी मिसळू नका. कित्येक वर्षांनी डोकं असं पळत होतं. आपण हे सोडून का आलो, असं तिला एकदा वाटून गेलं, आणि मग तेही मागं पडलं, कारण उत्तर येत होतं.

घनश्यामभाऊ: ब्याऐंशी.

सत्यशीला: चाळीस. चाळीस पॉइंट शून्य सात.

तिनं आकडा पुन्हा एकदा तपासला. मग वही खुशीच्या हातात दिली. खुशीनं वाचलं आणि ती तांड्याकडे पळत सुटली. "ताई चाळीसवर होती, ताई चाळीसवर होती," असं ओरडत पोरगी थेट तांडाप्रमुख नायकाच्या ओट्यापर्यंत गेली. त्या संध्याकाळी सत्यशीलाला तीन घरी चहा प्यावा लागला. आपण खोटं बोललो नव्हतो, हे तिला स्वतःलाच आज पहिल्यांदा कळलं होतं, आणि त्याचा आनंद अंगात मावत नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती दगडांचा फोटो काढायला पुन्हा फाट्यावर गेली. रुपीबाई होतीच. बोलता बोलता म्हणाली, "त्या दिवशी आमच्या पोराईनं लय काम केलं. तुले काढलं, त्याले काढलं. अन् वरून त्याच्या गाडीतल्या खताच्या आठ थैल्या टॅक्टरवर टाकून देल्ल्या. एक-एक पन्नास किलोची. साधा चहा नाही पाजला त्यानं."

सत्यशीलाचा मोबाईल हातातच राहिला. "कोणाच्या गाडीतल्या?"

"घनश्यामच्या. मागच्या शिटा पाडून भरल्या होत्या ना. हरभऱ्याले खत पाह्यजे लोकाइले, तो पोचवून देते."

आठ गुणिले पन्नास, चारशे. आपल्याकडे बसायची गाडी नुसती बसायला कोण ठेवतो? तिच्यात खत जातं, सरकी जाते, एखादं वासरूही जातं. हे तिला माहीत नव्हतं का? पण वजन तिनं मोबाईलवरून घेतलं होतं, आणि मोबाईलला काय ठाऊक की इकडे गाडीच्या मागच्या शिटा कायम पाडलेल्या असतात.

तिनं कागद-पेन काढलं नाही. काढायची गरजच नव्हती, डोकं तिला न विचारता पळायला लागलं होतं. चौदाशेचे अठराशे. घनश्यामभाऊ ब्याऐंशीवरून खाली, चौऱ्याहत्तर. आणि ती चाळीसवरून वर. सेहेचाळीस.

ती मोरीवर बसली. मग तिला आठवलं. आठवायचं नव्हतं, पण आठवलं. त्या दिवशी खिचडीला उशीर होत होता, शाळेतून फोन आला होता, आणि फाट्याच्या आधीच्या उतारावर तिनं अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नव्हता. व्हॅनच्या इंजिनाचा आवाज जरा चढला होता. तो तिनं ऐकला होता.

"काय झालं गं?" रुपीबाईनं विचारलं.

"काही नाही, याडी."

रात्रभर तिच्या मनात एकच घोळत राहिलं. थैल्यांचं कोणाला माहीत आहे? तांड्यावरच्या पोरांना, पण त्यांना काय कळतं की त्यानं आकडा बदलतो. घनश्यामभाऊंना माहीत आहे, पण त्यांना गणित येत नाही. अख्ख्या पंचक्रोशीत ही गोष्ट फक्त तिला कळत होती. आणि सहानं असा काय फरक पडतो? मोजण्यात दोन-चार इकडंतिकडं होतातच. तिनं स्वतःला हे सगळं सांगून पाहिलं. पण दिशा वेगळ्या ठेवा, हे एकदा शिकलेलं डोकं, त्याला खरं आणि सोयीचं मिसळता येईना.

शनिवारी शाळेच्या एका वर्गात समिती बसली. अध्यक्ष विमलताई, स्वतः वीस एकर कसणारी बाई, आवाज मोठा आणि वाक्यं लहान. दाराशी तांड्यावरच्या बाया, पुढं रुपीबाई. घनश्यामभाऊ कपाळाला पट्टी लावून पहिल्या बाकावर.

"बोल," विमलताई म्हणाल्या. "तू फळा मागितला म्हणे."

सत्यशीलानं खडू घेतला. त्रिकोण काढला, बारा, पाच, तेरा. दगड, ढेकळं, टायर, काटा, सगळं तिनं रुपीबाईला सांगितलं होतं त्याच शब्दांत सांगितलं. वर्ग आधी कुजबुजत होता, मग गप झाला, मग पुढं सरकून बसला. ज्या माणसांनी आयुष्यभर बैलांच्या टकरी बघितल्या त्यांना रेटा शिकवावा लागत नाही. शेवटी तिनं खडू खाली केला आणि घनश्यामभाऊंकडे वळली.

"भाऊ, एक गोष्ट तुम्ही सांगा. त्या दिवशी तुमच्या गाडीत वजन किती होतं?"

घनश्यामभाऊंच्या डोक्यात भलतंच आलं. बसायच्या गाडीत माल भरलेला होता, हे चारचौघांत कशाला कबूल करा? "वजन कशाचं? मी एकटाच होतो. गाडी खाली होती."

दाराशी रुपीबाईनं तोंड उघडलं. सत्यशीलानं तिला नजरेनंच थांबवलं. मग ती फळ्याकडे वळली आणि तिचा हात क्षणभर तसाच वर राहिला. चाळीस तिच्या हातात आयतं येऊन पडलं होतं. तेही त्यांच्याच तोंडून, दहा माणसांसमोर.

तिनं लिहिलं. गाडी रिकामी: घनश्यामभाऊ ब्याऐंशी, सत्यशीला चाळीस.

वर्गात एकदम गलका झाला. "ब्याऐंशी?" घनश्यामभाऊ उठलेच. "शक्य नाही. ब्याऐंशीवर माही गाडी थरथरते."

"गाडी खाली होती म्हणता ना," विमलताई म्हणाल्या. "मंग ब्याऐंशी."

सत्यशीला अजून फळ्याकडेच तोंड करून उभी होती. खाली बसली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. पोरी, व्हॅन, किल्ली, सगळं तिचं. तिच्या पायांनाही बसायचंच होतं.

"थांबा ताई," ती म्हणाली. "गाडी खाली नव्हती. आठ थैल्या खत होतं. चारशे किलो." आणि पहिल्या ओळीच्या खाली तिनं दुसरी लिहिली. "मंग भाऊ ब्याऐंशीवर नव्हते, चौऱ्याहत्तरवर होते. अन् मी चाळीसवर नव्हती. सेहेचाळीसवर होती. मी चाळीसची सही केली होती, अन् मी तुम्हाले चाळीस सांगतलं. ते चूक होतं."

मागच्या बाकांवरची माणसं खालची ओळ वाचायला उठून उभी राहिली.

घनश्यामभाऊ फळ्यावरच्या दोन ओळी वाचत होते. वरची, खालची, पुन्हा वरची. त्यांच्या ओठांची हालचाल सगळ्यांना दिसत होती.

"होत्या," ते म्हणाले. "थैल्या होत्या. आठ होत्या. पाह्यजे तर बिल दाखवतो."

विमलताईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे चौऱ्याहत्तर कबूल?"

घनश्यामभाऊंच्या तेव्हा ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. पण ब्याऐंशीहून पळता पळता ते चौऱ्याहत्तरच्या विहिरीत पडले होते आणि वर काढायला कोणी तयार नव्हतं. दाराशी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळा वर्ग हसला, आणि शेवटी घनश्यामभाऊंनाही हसू आलं, कपाळाचे टाके सांभाळत.

"कबूल," ते म्हणाले. "चाळीस तर सगळेच सांगतात, ताई."

"सगळे सांगतात," विमलताई म्हणाल्या. "हिनं आज नाही सांगतलं." मग त्या सत्यशीलाकडे वळल्या, आणि आवाज तसाच राहिला. "पण सहा म्हणजे सहा. नियम चाळीसचा हाय. गाडी दुरुस्त होईपर्यंत काम बंदच हाय तुहं. अन् पहिले स्पीडचा काटा बसव. नवा. तो बसल्याबिगर एकही पोरगी आत बसणार नाही."

"अन् काटा बसल्यावर?" रुपीबाईनं दारातूनच विचारलं.

"बसल्यावर तुही नात पुढं बसन अन् काटा वाचन. मोठ्यानं." विमलताईंनी रजिस्टर बंद केलं. "चला आता, वेचणी पडली हाय लोकाइची."

सत्यशीलाला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. आली ती भूक. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. रुपीबाईनं तिला तसंच तांड्यावर ओढून नेलं आणि भाकर-ठेचा पुढं ठेवून विचारलं, आता तरी दगड उचलू का. दोघींनी मिळून ते उचलले, म्हणजे रुपीबाईनं उचलले आणि सत्यशीलानं एका हातानं मोजले. बावीस भरले.

जानेवारीत व्हॅन पुसदच्या गॅरेजमधून आली. डावं दार नवं, त्याचा रंग बाकी गाडीशी जुळत नव्हता. डॅशबोर्डवर काटा चकचकीत. पहिल्याच सकाळी खुशी पुढच्या सीटवर ताठ बसली, मागं तेरा पोरी, आणि व्हॅन तांड्यावरून निघाली. फाट्याच्या आधी उतार लागला. पलीकडून एक पांढरी गाडी आली आणि फाट्यावर सावकाश थांबली. आतून घनश्यामभाऊंनी हात केला, जा म्हणून.

"अडतीस," खुशी मोठ्यानं वाचत होती. "एकोणचाळीस. चाळीस."

मागच्या पोरी श्वास रोखून ऐकत होत्या.

"एक्केचाळीस, ताई."

सत्यशीलानं पाय उचलला.